चिपचा ताल कर्नलला कोण सांगतो?

पावसाळ्यात वीज जाते आणि काही मिनिटांनी परत येते. पंखा त्याच क्षणी फिरू लागतो. राउटर मात्र मिनिट-दीड मिनिट नुसते दिवे लुकलुकवत राहतो आणि सेट-टॉप बॉक्स पडद्यावर बोधचिन्ह दाखवून थबकतो. पंख्याला केवळ वीज पुरते. राउटरच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्याला विजेखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे त्याच्या प्रत्येक भागाला चालवणारा अखंड, नियमित ठोका. दुसरी म्हणजे ‘आता मूळ स्थितीपासून सुरुवात कर’ असे बजावणारा संकेत. अभियंते पहिलीला क्लॉक म्हणतात आणि दुसरीला रिसेट.

राउटर, वीजमीटर, बसमधील तिकीटयंत्र, मोटारीतील पडदा, रुग्णालयातील मॉनिटर अशा उपकरणांत दडलेल्या संगणकांना एम्बेडेड प्रणाली म्हणतात. त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. हार्डवेअरचा सारा कारभार तोच पाहतो. तरीही या कारभाऱ्याला एक मोठी मर्यादा आहे. चिपमधील कोणता भाग कोणत्या ठोक्यावर चालतो आणि त्या भागाच्या रिसेटची तार कोणती, हे त्याला स्वतः पाहून कळत नाही. कोणीतरी माणसाने ते आधी लिहून ठेवावे लागते. उपकरण सुरू होईल का, मधेच बंद पडेल का आणि किती वर्षे वापरात राहील, हे बऱ्याच अंशी या लिखाणाच्या अचूकतेवर अवलंबून असते.

ठोक्यांचे झाड

ठोक्याचा उगम बहुधा क्वार्ट्झच्या स्फटिकात असतो. विजेचा दाब मिळाला की हा स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो. मनगटी घड्याळात वापरला जाणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने देतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. तिला पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक उरतो, म्हणजे सेकंदाचा एक ठोका मिळतो. अशा स्फटिकात दशलक्षामागे २० कंपनांचा फरक असला, तर घड्याळ दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद पुढे किंवा मागे जाते.

चिपला मात्र एवढ्या संथ तालावर भागत नाही. रास्पबेरी पाय ४ या लहान संगणकावर ५४ मेगाहर्ट्झचा स्फटिक आहे आणि त्याचा प्रोसेसर १.५ गिगाहर्ट्झने, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस पट वेगाने चालतो. ही वाढ पीएलएल नावाचे मंडल घडवून आणते. पुढे विभाजक हा वेगवान ठोका गरजेप्रमाणे संथ करतात. अनेक उगमांपैकी एक निवडणारे निवडक आणि ठोका अडवणारी किंवा सोडणारी फाटके त्यांच्या जोडीला असतात. स्फटिक हे मूळ, पीएलएल हे खोड आणि विभाजक-फाटके या फांद्या, असे हे झाड आहे. मोबाईलच्या चिपमध्ये अशा फांद्यांची संख्या सहज शेकड्यांत जाते.

फाटके ठेवण्यामागे विजेची बचत हे कारण आहे. प्रत्येक ठोक्यासरशी चिपमधील असंख्य सूक्ष्म धारित्रे भरतात आणि रिकामी होतात, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा खर्च होते. कॅमेरा बंद असताना त्याच्या विभागाला ठोके देत राहणे म्हणजे रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्यासारखे आहे. म्हणून ज्याचे काम नाही त्याचे फाटक लावायचे, हा कर्नलचा नित्यनियम असतो.

शून्यापासून सुरुवात

वीज येताच चिपमधील स्मृतिघटकांत शून्य असेल की एक, हे सांगता येत नाही. अशा अनिश्चित स्थितीत काम सुरू झाले, तर परिणामही अनिश्चितच होणार. रिसेटचा संकेत या सर्व घटकांना ठरलेल्या स्थितीत आणतो. ही तार दाबून धरली की तो विभाग गोठून राहतो. सोडली की कामाला लागतो. अनेक चिपांत ही तार उलट्या अर्थाने चालते. तारेवर कमी दाब असेल तेव्हा रिसेट लागू असतो आणि दाब वाढला की तो सुटतो. तार तुटली किंवा वीज क्षीण झाली, तर उपकरण भलते काही करण्याऐवजी गप्प राहावे, हा त्यामागचा एक हेतू.

येथे क्रमाला फार महत्त्व असते. आधी वीज स्थिर व्हायला हवी, मग ठोके नियमित व्हायला हवेत आणि त्यानंतरच रिसेट सुटायला हवा. संगणकात कार्ड जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस या मानकात हा नियम आकड्यांनिशी दिलेला आहे. कार्डाची वीज स्थिर झाल्यावर रिसेट किमान १०० मिलिसेकंद धरून ठेवायचा आणि संदर्भ क्लॉक स्थिर झाल्यावर किमान १०० मायक्रोसेकंद जाऊ द्यायचे. घाई केली तर कार्ड कधी सापडते, कधी सापडत नाही. दहा वेळा नीट चालून अकराव्या वेळी रुसणाऱ्या उपकरणात दोष शोधणे सर्वांत अवघड असते. अशा अनेक दोषांचे मूळ या काही मिलिसेकंदांत असते.

कर्नलला दिसत का नाही?

घरातील टेबलावरच्या संगणकात ही अडचण एवढी जाणवत नाही. यूएसबीला जोडलेले उपकरण किंवा पीसीआयचे कार्ड विचारल्याबरोबर आपला निर्माता कोण आणि प्रकार कोणता ते सांगते. उरलेली माहिती मदरबोर्डवरील फर्मवेअर एसीपीआय नावाच्या तक्त्यांतून पुरवते. त्यामुळे एकाच पेनड्राइव्हवरील लिनक्स निरनिराळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर सुरू होऊ शकते.

एम्बेडेड चिपची रीत वेगळी आहे. तिच्यातील सीरियल पोर्ट, कॅमेऱ्याचा दुवा, नेटवर्कचा विभाग हे सारे ठरावीक पत्त्यांवर बसलेले असतात, पण हाक मारल्यावर आपले नाव सांगण्याची सोय त्यांच्यात नसते. प्रत्येक पत्ता वाचून पाहणे हा उपायही धोक्याचा ठरतो. ज्या विभागाचे क्लॉक बंद आहे किंवा ज्याचा रिसेट अद्याप सुटलेला नाही, त्याच्या पत्त्यावर वाचन केले तर अनेक चिपांत उत्तरच येत नाही. प्रोसेसर उत्तराची वाट पाहत थांबतो आणि सारी प्रणाली जागच्या जागी गोठते. म्हणजे विभागाकडे पाहण्यासाठी त्याचे क्लॉक चालू हवे, आणि कोणते क्लॉक चालू करायचे ते पाहून कळत नाही. हा पेच लिखित वर्णनाशिवाय सुटत नाही.

वर्णनाची वेगळी वही

पूर्वी ही माहिती कर्नलच्या प्रोग्राममध्येच गुंफलेली असे. नवा बोर्ड आला की त्याच्यासाठी एक नवी फाइल लिहायची, त्या फाइलमध्ये पत्ते आणि ठोके भरायचे आणि कर्नल नव्याने तयार करायचा, अशी पद्धत होती. मोबाईलचा प्रसार वाढला तशा एआरएम प्रोसेसरवर आधारलेल्या चिपा शेकड्यांनी आल्या आणि या फाइलींचा ढीग साचला. २०११ च्या मार्च महिन्यात लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी या गोंधळाबद्दल जाहीरपणे तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमच्या विकासकांनी डिव्हाइस ट्रीची वाट धरली.

डिव्हाइस ट्री ही कल्पना त्या वेळी नवी नव्हती. ‘ओपन फर्मवेअर’ या फर्मवेअरच्या मानकातून ती आली. आयईईई या संस्थेने १९९४ मध्ये १२७५ या क्रमांकाने ते मानक प्रसिद्ध केले होते. पॉवरपीसी प्रोसेसरवरील लिनक्सने ती २००५च्या सुमारास सुटसुटीत रूपात स्वीकारली. या पद्धतीत हार्डवेअरचे वर्णन कर्नलबाहेरच्या एका मजकूर-फाइलमध्ये लिहितात. ती फाइल छोट्या द्विमान रूपात बदलली जाते आणि उपकरण सुरू होताना बूटलोडर ती कर्नलच्या हाती ठेवतो. सरकारी भाषेत सांगायचे तर कर्नल हा बदलीवर आलेला अधिकारी आणि डिव्हाइस ट्री हा त्या गावचा सातबारा. अधिकारी बदलला तरी जमिनीची नोंद तीच राहते.

ठोके सांभाळण्याची रीतही त्याच काळात एकसारखी झाली. त्याआधी प्रत्येक चिपघराणे आपापल्या पद्धतीने क्लॉक हाताळत असे. त्यामुळे दोन घराण्यांसाठी एकच कर्नल तयार करणे जमत नसे. मे २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.४ मध्ये सर्वांसाठी सामाईक क्लॉक-व्यवस्था आली आणि २०१३ मध्ये रिसेटसाठीही तशीच सामाईक व्यवस्था झाली. दरम्यान डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून एकच कर्नल अनेक एआरएम घराण्यांवर चालवण्याची सोय झाली होती.

नोंद कशी असते?

या वर्णनात देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष असतात. क्लॉक-नियंत्रक हा देणारा. आपण कोणत्या पत्त्यावर आहोत, आपल्याला मूळ ठोका कोणत्या स्फटिकाकडून मिळतो आणि आपली फांदी ओळखण्यासाठी किती अंक द्यावे लागतात, एवढे त्याच्या नोंदीत असते. सीरियल पोर्ट हा घेणारा. त्याच्या नोंदीत आपला पत्ता, नियंत्रकाच्या कोणत्या क्रमांकाची फांदी आपली आणि रिसेटच्या कोणत्या क्रमांकाची तार आपली, हे लिहिलेले असते. पुष्कळदा एका विभागाला दोन क्लॉक लागतात. एक प्रोसेसरशी बोलण्यासाठी आणि दुसरे प्रत्यक्ष कामाचा वेग ठरवण्यासाठी. अशा वेळी प्रत्येकाला वेगळे नाव देतात, म्हणजे अदलाबदल होत नाही.

या नोंदी वाचून त्या विभागाचा ड्रायव्हर कर्नलकडे मागणी करतो. क्लॉक चालू करा, त्याची गती सांगा, रिसेट सोडा. प्रत्येक क्लॉकचे किती मागणीदार आहेत याची मोजणी कर्नल ठेवतो. शेवटच्याने गरज संपल्याचे सांगितले की फाटक लागते. दोन विभागांत मिळून एकच रिसेटची तार असेल, तर ती सामाईक असल्याचे ड्रायव्हरला सांगावे लागते. मग सर्वांनी सोडल्याखेरीज ती पुन्हा दाबली जात नाही. तसे नसते तर एकाने स्वतःला नव्याने सुरू करताना शेजाऱ्याचे चालू काम मोडले असते.

चुकीच्या नोंदीची किंमत

नोंद चुकली की काय होते, याचे साधे उदाहरण सीरियल पोर्टचेच आहे. त्याचे क्लॉक २४ मेगाहर्ट्झचे असल्याचे लिहिले आहे आणि सेकंदाला १,१५,२०० बिट पाठवायचे आहेत, असे समजू. एका बिटासाठी सोळा ठोके मोजण्याची रूढ पद्धत धरली, तर कर्नल भागाकार करून १३ हा विभाजक ठरवतो. प्रत्यक्षातले क्लॉक ४८ मेगाहर्ट्झचे निघाले, तर बिट दुप्पट वेगाने बाहेर पडतात आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. ड्रायव्हर निर्दोष आहे, तारही धड आहे, फक्त वहीतला एक आकडा खोटा आहे.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. लिनक्सची सुरुवात पूर्ण होत आली की कर्नल एकही मागणीदार नसलेली क्लॉक शोधून बंद करतो. बूटलोडरने पडद्यावर चित्र आणून ठेवले आहे, पण पडद्याला कोणते क्लॉक लागते ते वर्णनात लिहायचे राहून गेले आहे, असे असेल तर काही सेकंद नीट दिसणारा पडदा अचानक काळा होतो. कर्नलच्या दृष्टीने त्याने बेवारस फाटक लावले, एवढेच. हा प्रकार इतका परिचित आहे की, न वापरलेली क्लॉक बंद करू नयेत असे कर्नलला सांगण्याची खास सूचना लिनक्समध्ये आहे. ती दोष शोधण्यासाठी उपयोगी आहे. कायमचा इलाज म्हणून ती वापरली, तर बॅटरी विनाकारण झिजते.

रिसेटच्या नोंदीत तार सुलट की उलट हे लिहायला चुकले, तर ड्रायव्हर ‘सोडली’ असे समजून ती दाबून धरतो. विभाग कधीच जागा होत नाही आणि दोष मात्र चिपच्या माथी मारला जातो.

सर्वांत गंभीर प्रश्न वॉचडॉगचा. हा चिपमधला राखणदार. सॉफ्टवेअरने ठरावीक काळात आपण शुद्धीवर असल्याची खूण दिली नाही, तर तो संपूर्ण प्रणाली रिसेट करतो. त्याची मुदत तो क्लॉकच्या ठोक्यांवर मोजतो. क्लॉकची गती वर्णनात प्रत्यक्षापेक्षा निम्मी लिहिली गेली, तर तीस सेकंदांची मुदत पंधरा सेकंदांतच संपते आणि चांगले चाललेले उपकरण वारंवार नव्याने सुरू होते. त्याचे क्लॉक बेवारस ठरून बंद झाले, तर राखणदार कायमचा झोपतो आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. रुग्णालयातील यंत्र किंवा डोंगरमाथ्यावरील दूरसंचार मनोरा यांच्या बाबतीत या फरकाला किती अर्थ आहे, हे वेगळे सांगायला नको.

असा रिसेट किती मोलाचा असतो हे मंगळावर दिसून आले आहे. ४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर यान तेथे उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रिसेट होऊ लागला. एक अत्यावश्यक काम दिलेल्या वेळेत पुरे होत नव्हते, कारण कमी महत्त्वाच्या कामाने अडवून ठेवलेली सामाईक साधनसामग्री त्याला वेळेवर मिळत नव्हती. वेळ चुकल्याचे लक्षात येताच सॉफ्टवेअर संगणक नव्याने सुरू करी. त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई, पण यान हातचे गेले नाही. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर तोच प्रसंग घडवून कारण शोधले आणि दुरुस्ती यानाकडे पाठवली. रिसेटने वेळ मिळवून दिला. दोष मात्र नोंदी तपासूनच सापडला.

लिहावे काय, वगळावे काय?

चांगल्या वर्णनाची कसोटी सोपी आहे. त्यात हार्डवेअर काय आहे ते असावे. सॉफ्टवेअरने त्याचे काय करावे ते नसावे. ‘हा विभाग अमुक क्लॉकला जोडलेला आहे’ हे वास्तव आहे. ‘हे क्लॉक रात्री बंद करावे’ हे धोरण आहे आणि धोरण कर्नलने ठरवायचे. दुसरी अट सातत्याची. आज लिहिलेले वर्णन पाच वर्षांनंतरच्या कर्नललाही समजले पाहिजे. म्हणून एकदा रूढ झालेले क्रमांक आणि नावे लिनक्समध्ये सहसा बदलत नाहीत. नव्या नोंदी ठरलेल्या नमुन्यात बसतात की नाही, हे यंत्राकडून तपासून घेण्याची सोयही झालेली आहे.

स्मृती अगदी थोडी असलेल्या लहान चिपांवर लिनक्स मावत नाही. तेथे झेफरसारख्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीम वापरतात. झेफरमध्येही वर्णन डिव्हाइस ट्रीच्याच भाषेत असते. फरक एवढाच की ते उपकरणात वाचले जात नाही. प्रोग्राम तयार होतानाच त्यातील आकडे आत भरले जातात.

ही नोंद कोणाकडे असते?

या तांत्रिक तपशिलाचा ग्राहकाशी थेट संबंध आहे. पाच-सहा वर्षांच्या मोबाईलचा प्रोसेसर, पडदा आणि कॅमेरा ठणठणीत असतो, तरी त्याला नवी ऑपरेटिंग सिस्टीम मिळत नाही. त्याच्या चिपमधील क्लॉकचे झाड आणि रिसेटच्या तारा यांचे पुरेसे वर्णन निर्मात्याच्या जुन्या, फेरफार केलेल्या कर्नलबाहेर कोठेच नसणे, हे त्याच्या कारणांपैकी एक आहे. पोस्टमार्केट-ओएससारखे स्वयंसेवी प्रकल्प जुन्या फोनांना नवा कर्नल देण्यासाठी धडपडतात. त्यांचा बराच वेळ हे विखुरलेले वर्णन गोळा करून नीट लिहिण्यात जातो.

लिनक्स जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळते. त्यामुळे लिनक्सवर चालणारे उपकरण विकणाऱ्यावर त्यातील कर्नलचा मूळ मजकूर देण्याचे बंधन असते. वीजमीटर, तिकीटयंत्रे, वाहतूक दिव्यांचे नियंत्रक अशी उपकरणे सरकारी संस्था हजारोंच्या संख्येने घेतात. खरेदीच्या अटींत हार्डवेअरच्या पूर्ण वर्णनाची मागणी घातली, तर पुरवठादार कंपनी उद्या बंद पडली तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या करणे दुसऱ्याला शक्य होईल. ही अट विसरली, तर चालती यंत्रे भंगारात काढण्याची पाळी येऊ शकते.

भारतात आता स्वतःचे प्रोसेसरही तयार होत आहेत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ हे दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर आधारलेले आहेत. रिस्क-फाइव्हवरील लिनक्सही एम्बेडेड उपकरणांत डिव्हाइस ट्रीवरच चालते. चिप तयार झाली म्हणजे काम संपले असे होत नाही. तिच्यातील प्रत्येक ठोका आणि प्रत्येक रिसेट खुलेपणाने, अचूक शब्दांत लिहून ठेवणारी माणसेही लागतील. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवरचे हे काम आहे. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. चिपची माहितीपुस्तिका, एक साधा बोर्ड आणि नोंद दोनदा तपासण्याची सवय एवढी सामग्री पुरते.